मधल्या फळीवरचा संत

"अडतीस वर्षं! अडतीस वर्षं एका संताच्या तोंडावर पाठ घासत बसलात, थर्केटल!"

"बसायची जागा होती ती, पाद्रीसाहेब. पाठ तिथे नाही टेकायची तर काय छताला टेकायची?"

"रंगाखाली चित्र आहे, हे एकदाही दिसलं नाही तुम्हाला?"

"पाठीला डोळे असते तर दिसलं असतं."

पाद्री फॅन्शॉ बाह्या सरसावून जमिनीवर गुडघे टेकून बसले होते, नाक फळीला लागेल इतक्या जवळ. ओल्या फडक्याने त्यांनी तपकिरी रंग पुसला, तशी डावीकडच्या फळीवर लाल झग्यातला बिशप उगवला. उजवीकडे चाक हातात धरलेली संत कॅथरिन. मधल्या फळीवर मात्र वर सोनेरी वलयाची एक कड, खाली दोन अनवाणी पाय, आणि मध्ये नुसतं ओकचं लाकूड. गुळगुळीत. माणसाच्या खांद्यांएवढं रुंद.

ओबडाया थर्केटल बाजूला करवत घेऊन उभा होता. वय चौसष्ट, धंदा सुताराचा, मान रविवारचा. गावच्या चर्चमधलं लाकडी व्यासपीठ तीन मजली. सर्वांत वर प्रवचन, मधे प्रार्थना आणि तळाशी ओबडायाची जागा. वरून पाद्र्याची प्रार्थना संपली की खालून ओबडायाने झील धरायची: "आऽमेन!" अख्ख्या गावाच्या वतीने तो एकटाच म्हणायचा. बाकीची मंडळी निर्धास्तपणे तोंड मिटून बसत. त्याची बायको माहेला म्हणे, "तुमच्या आमेनने गल्लीतल्या गायी रवंथ थांबवतात."

तेच व्यासपीठ सकाळपासून त्यानेच उतरवलं होतं. त्याच्या जागेच्या पाठीमागच्या त्या तीन फळ्या कुण्या जुन्या सुताराने गाभाऱ्यापुढचा नक्षीदार लाकडी पडदा कापून बसवल्या होत्या, हे फॅन्शॉसाहेबांना आत्ता कळलं होतं.

चर्चमधलं सामान इकडचं तिकडे करण्यातच ओबडायाचा जन्म गेला. आधीचे म्हातारे पाद्री पिमसाहेब म्हणाले, भिंतीवर रंगवलेली ही भुतं झाका. त्याने दोनदा चुना दिला. नंतरचे म्हणाले, थंडी वाजते. त्याने शेगडी बसवली आणि धुराड्याची नळी खिडकीतून काढली. मग हे फॅन्शॉ आले. यांना सगळं चारशे वर्षांपूर्वी होतं तसं हवं. शेगडी गेली. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाच्या पायथ्याशी चार सिंह चुन्याखाली निजले होते, ते त्याने चाकूच्या टोकाने मोकळे केले. मग शिडीवर चढून भिंती. आपणच दिलेला चुना आपणच खरवडायचा. खांदे रात्रभर ठणकत.

पण ठणक्याचं काही नव्हतं. व्यासपीठ उतरवायचं ठरल्यापासून तीन आठवडे एक प्रश्न त्याच्या ओठांवर अडकला होता. माहेला रोज ताटात डम्पलिंगचे उकडलेले गोळे वाढताना टोचायची, "विचारलं का, की आजही जीभ घरीच ठेवून गेला होतात?"

"उद्या विचारतो."

"तुमचा उद्या बघायला मी राहीन का?"

फॅन्शॉसाहेब उठले, गुडघ्यांची धूळ झटकली. "या फळ्या आता पडद्यात परत बसवायच्या. जिथल्या तिथे. अहो, पडदा पुरा होईल, थर्केटल!"

"होईल." ओबडायाने करवत खाली ठेवली. "आणि मी कुठे बसायचं?"

"तुम्ही?" पाद्री खरंच गोंधळले. "बसा ना कुठेही. भिंतीकडेला दगडी कट्टा आहे. पूर्वी थकलेभागले तिथेच टेकायचे."

"आणि आमेन?"

"माझी बहीण शाळेतल्या मुलींना शिकवते आहे. चार आवाजांत म्हणतील, सुरात." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून ते मऊ झाले. "दमलात तुम्ही. किती राबलात! आता नुसतं ऐकायचं."

दमला होता, हे खोटं नव्हतं. शिडीने दमला होता, चुन्याने दमला होता, चार माणसांची ओझी एकट्याने वाहून दमला होता. व्यासपीठाच्या तळाशी बसून आमेन म्हणताना मात्र तो एकदाही दमला नव्हता. पण हे बोलायला बळ लागतं. त्याने फळ्या एकेक करून उचलल्या आणि पडद्याच्या रिकाम्या खोबणीत सरकवल्या. तंतोतंत बसल्या.

"वा!" पाद्री मागे सरकून बघू लागले. "या मधल्याचं काय करायचं पण? नुसत्या पायांवरून संत कसा ओळखणार?"

"मलाही ठाऊक नाही. आधी सांगितलं असतं कुणी, तर पुढे सरकून बसलो असतो."

ओबडाया हत्यारं गोळा करू लागला. पटाशी, हातोडी, करवत पोत्यात गुंडाळली. उठताना कट्ट्यावर एक हात टेकवला. दगड बर्फासारखा गार.

"अरे हो, सांगायचं राहिलं," पाद्री पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "मुलींचं अजून जमत नाहीये. ईस्टरपर्यंत काही खरं नाही. तोवर तेवढं आमेन तुम्हीच म्हणा. कट्ट्यावरूनच. जरा हळू आवाजात, हं? लोकांचं लक्ष पडद्याकडे राहायला हवं."

ओबडायाने पोतं खांद्यावर टाकलं.

"चालेल ना, थर्केटल?"

त्याने टोपी डोक्यावर चढवली, दक्षिणेचा दरवाजा ओढला आणि बाहेर पडून थडग्यांमधल्या वाटेने घराकडे चालू लागला.

"थर्केटल?"