सकाळचं ऊन, दुपारचं ऊन

"सरका भाऊ, माझं ऊन अडवून राह्यले तुम्ही."

थंडीतली सकाळ, आठचा सुमार. मी ओट्यावर पेपर उघडलेला असायचा, आणि मागच्या घरातल्या काकू लकव्याने एक बाजू गेलेल्या काकांना कंबरेला धरून आणायच्या. प्लास्टिकची खुर्ची बरोबर आमच्या दारासमोर आपटायच्या आणि हे वाक्य म्हणायच्या. तुमच्याही शेजारी एखादी चिवट बाई असेल, पण काकूंची सर तिला येणार नाही.

मूळ दोष माझा. जालन्याच्या आमच्या कॉलनीत आमचं घर पुढे, त्यांचं पत्र्याचं घर पाठीमागे. मी भाडेकरूंसाठी वर दोन मजले चढवायला काढले तेव्हा काकू घरी आल्या होत्या.

"एकच मजला करा, भाऊ. सकाळचं ऊन गेलं तर आमचे मालक गारठून मरतील. पत्र्याचं घर, बिलकुल ऊब धरत न्हाई."

बियाण्याच्या कंपनीत मी नुकताच सुपरवायझर झालो होतो, तोरा होता. म्हणालो, "काकू, ऊन काय माझ्या मालकीचं आहे का?"

मजले झाले. दिवाळीनंतर त्यांच्या अंगणात दुपारपर्यंत सावली पडू लागली, आणि काकू आमच्या ओट्यावर हजर. "ऊन तुमच्या मालकीचं न्हाई ना? मंग हितलं बी न्हाई. आम्ही बसणार."

त्यांनी माझी जिरवायचीच ठरवली होती. काकांच्या पायाला तिळाचं तेल चोळत, लसणाची सालं उडवत त्या अकरापर्यंत बसायच्या. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तर त्यांनाही खुर्चीला वळसा घालून आत यावं लागलं. "या, या. आमचं ऊन ह्यांनी हितं आणून ठिवलंय," काकूंनी त्यांना सांगितलं. मुलाचा बाप खो खो हसला. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून सडा घालण्याच्या निमित्ताने भल्या पहाटे ओट्यावर बादलीभर पाणी ओतू लागलो. काकूंनी गोणपाट आणलं, ओटा कोरडा पुसला आणि खुर्ची मांडली.

जाताना मात्र त्या एक गोष्ट करायच्या, ती मी आतून बघायचो. कठड्यावर वाळत घातलेली गोधडी चांगली तापली की घट्ट गुंडाळून छातीशी धरायच्या आणि ऊब जायच्या आत काकांभोवती लपेटायच्या. तेवढा वेळ त्यांना माझा विसर पडायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात, ऐन पौषात, काका गेले. तेराव्यानंतर काकू पुन्हा आल्या. खुर्ची मांडली, तिच्यावर गोधडी पसरली आणि शेजारी जमिनीवर बसल्या.

माझ्याने राहवेना. "काकू, चुकलं माझं."

"चुकलं न्हाई, भाऊ. मी सांगितल्तं तुम्हाला."

यंदा त्यांनी घर विकलं आणि मंठ्याला लेकीकडे गेल्या. घर आहे तसं ठेवून राहायला एक मास्तर तयार होते. काकूंनी ते दिलं मजले चढवणाऱ्या एका बिल्डरला. त्या निघताना मी कारण विचारलंच.

"मास्तर चांगला माणूस हाय," त्या म्हणाल्या. "मला चांगला माणूस नको व्हता. उंच बांधणारा पाह्यजे व्हता."

आमच्या मागच्या खोलीची भिंत दुपारच्या उन्हाने तापते. माझे गुडघे आता धरतात, म्हणून मी तिथेच झोपतो. बिल्डरने मागे तिसरा स्लॅब टाकला आणि खोली अंधारली. चौथा तरी टाकू नका, असं विनवायला मी बिल्डरकडे गेलो.

तो हसला. "साहेब, ऊन काय माझ्या मालकीचं आहे का? तुम्ही येणार आणि मी हेच म्हणायचं, असं त्या काकूंनी सौदा करतानाच कबूल करून घेतलं होतं."

आता सकाळी मी ओट्यावर बसतो. दारासमोर फरशीवर तिळाच्या तेलाचा डाग आहे, घासूनही गेला नाही. मी खुर्ची जरा बाजूला सरकवून घेतो.