रघुवीर परबांचा तीन ते सातचा उपास

लालबागच्या आमच्या चाळीत रघुवीर परबांनी कधी कुणाला नाही म्हटल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे ते मंडळाचे कायमचे खजिनदार आणि प्रत्येकाच्या लग्नातले वाढपी. अशा माणसाला गेल्या वर्षी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. चाळीला धक्का बसला तो आजारापेक्षा अन्यायाचा, कारण परबांनी जन्मात विडी ओढली नव्हती. शेजारचे अभय नार्वेकर तर इतके हादरले, की सावरायला त्यांना लागोपाठ दोन सिगारेटी ओढाव्या लागल्या.

परळच्या हॉस्पिटलात गाठीचा तुकडा काढून जनुकं तपासली. त्यांच्यात असा एक दोष सापडला, की ज्याच्यावर नेमकं औषध निघालेलं आहे. रोज एक गोळी, तीही घरी.

"सलाईन नाही, केसही जायचे नाहीत," डॉक्टर नूपुर म्हणाल्या. "फक्त गोळीआधी तीन तास आणि नंतर एक तास पोटात अन्न नको. अन्न असलं की औषध अंगात नीट उतरत नाही."

"हो," परब म्हणाले. ते सगळ्यालाच हो म्हणतात.

गोळी सकाळी सुरू झाली. पण तिने जुलाब होऊ लागले, आणि सकाळी आमच्या संडासापुढची रांग आजाऱ्याचीही गय करत नाही. मग डॉक्टरांना विचारून गोळी संध्याकाळी सहावर नेली. म्हणजे तीन ते सात तोंड बंद. आणि चाळीची आजाऱ्याला भेटायची वेळ नेमकी पाच!

आमच्याकडे रिकाम्या हाताने भेटायला जात नाहीत, आणि आणलेलं समोर खाल्लं नाही तर आणणारीचा अपमान होतो. त्यात भेटायला येणाऱ्यांची आधीच निराशा झालेली. डोक्यावरचे केस जागच्या जागी, आणि गोळीच्या प्रतापाने साठीच्या माणसाच्या गालांवर मुरमं!

"कॅन्सर झालाय का कॉलेजात नाव घातलंयस, रघ्या?" अभय विचारायचे.

तळमजल्यावरच्या मीराबाई रोज शिरा घेऊन जिना चढत. "रघू, एक घास. माझ्यासाठी." परब बायकोकडे चोरून बघत आणि घास घेत. मग सगळ्यांच्या नावाने एकेक.

हॉस्पिटलच्या रुग्ण-मदत केंद्रातून फोन येई. "काका, गोळी घेताना पोट रिकामं असतं ना?"

"हो हो," परब म्हणत. तोंडात शिरा.

पहिल्या स्कॅनमध्ये गाठ होती तेवढीच दिसली. "ही गोळी तुम्हाला लागू पडायला हवी होती," डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या स्कॅनमध्येही असंच दिसलं, तर गोळी बंद करून सलाईनमधून केमो द्यावी लागेल. काका, खरं सांगा. संध्याकाळी काय खाता?"

परब छताकडे बघू लागले. त्यांच्या पत्नी, सुभद्रावहिनी, म्हणाल्या, "शिरो. काल भजी."

घरी येऊन वहिनींनी चाळीला औषध आणि अन्न यांचं गणित समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पाच वाजता शिरा हजर.

"अगो, डॉक्टर जेवणाबद्दल बोलली असेल," मीराबाई म्हणाल्या. "शिरा म्हणजे काय जेवण?"

"डॉक्टर सांगणारच," अभय म्हणाले. "त्यांनी सांगायचं, आपण खायचं."

वहिनींनी नवऱ्याच्या हातातली वाटी काढून घेतली. "आजपासून ह्यांचो उपास. तीन ते सात. कडक."

मीराबाईंनी वाटी झटकन पदराखाली घेतली. "कोणाचो गो?"

"मी नवस बोललंय. देवाचा नाव कोणाक सांगूचा नाय."

संपलं. जगभरच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत डोळे फोडून जो नियम शोधला, तो चाळीने वाऱ्यावर सोडला होता. बिननावाच्या देवापुढे मात्र सगळी चाळ हात जोडून उभी राहिली. तीन वाजले की आमच्या मजल्यावर चहा झाकून नेऊ लागले. विटाळ नको म्हणून अभय सिगारेट ओढायला नाक्यावर जाऊ लागले, आणि चाळीला अनेक वर्षांनी गॅलरीत श्वास घेता आला. दुखऱ्या गुडघ्यांच्या दोन बायकांनी तोच उपास धरला.

पुढच्या स्कॅनच्या आदल्या रात्री परब जेवले नाहीत. वहिनीही नाहीत. गोळी गेली तर पुढे काय, हे त्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

गाठ अर्ध्याहून लहान झाली होती. डॉक्टर हसल्या. "गोळी चालू ठेवायची. नियमही."

साडेचारला परब टॅक्सीतून उतरले, तर बातमी फोनवरून आधीच पोचलेली. जिन्यात गर्दी, अभयच्या हातात पेढ्यांचा खोका.

"अरे, त्या गोळीमुळे जनुकाचा जो दोष..." परबांनी सुरुवात केली.

"नवस पावला!" चाळ ओरडली.

परबांनी समजावणं सोडलं आणि पेढ्याला हात घातला. मीराबाईंनी हातावर चापट मारली.

"सात वाजांदे आधी!"

"अगो, पण बरा मी होतोय!"

"म्हणूनच तर!" मीराबाई म्हणाल्या आणि पेढा स्वतःच्या तोंडात टाकला.

परबांच्या दारात उभं राहून, त्यांच्याकडे कौतुकाने बघत, चाळीने खोका संपवायला घेतला. सहाला वहिनींनी पाणी पुढे केलं. परबांनी गोळी गिळली आणि खोक्यात तळाशी किती उरलेत, ते मान लांब करून बघू लागले.