वीज नसताना आलेलं नेट

तोंडाने फटकळ आणि हाताने हुशार, अशी ती कॉम्प्युटर दुरुस्तीवाली. हातात सदा स्क्रूड्रायव्हर, म्हणून गल्लीत सगळे तिला पेचकसताई म्हणत. लॅपटॉप कसल्याही दुखण्याने येवो, ती आधी त्यात साठलेली जुनी वायफाय काढून टाकायची आणि गिऱ्हाइकाला झापायची, "ही काय खोगीरभरती केलीय? हॉटेलचं, दवाखान्याचं, शेजाऱ्याचं! दिसेल त्याच्या गळ्यात पडतं तुमचं मशीन."

अशा बाईने घरच्याच लॅपटॉपमध्ये माती खावी!

तिच्या धाकट्या बहिणीचा हात नवऱ्याने दाराच्या फटीत धरून मोडला होता. वर "पुढच्या वेळी मान मोडीन," असंही म्हणाला होता मेला. तेव्हापासून धाकटी दुकानामागच्या खोलीत लपलेली. तो दोनदा विचारायला आला, दोन्ही वेळा पेचकसताईने डोळ्याला डोळा भिडवून "इथे नाही" म्हणत त्याला वाटेला लावलं. धाकटीचे पासवर्ड बदलले, फोन बदलला. फक्त नवऱ्याच्या घरचं वायफाय तिच्या लॅपटॉपमध्ये तसंच राहू दिलं. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, इथवर थोडंच पोचणार?

त्या दुपारी वीज गेली. आतून धाकटी ओरडली, "ताई, वीज नाही तरी नेट चालतंय गं!"

पेचकसताई आत धावली. पडद्यावर त्याच्या घरच्या वायफायचं नाव! मेल्याने फोनच्या हॉटस्पॉटला घरचंच नाव, घरचाच पासवर्ड दिला होता आणि बायकोच्या नातेवाइकांच्या दारांवरून तो फिरत होता. दुकानाचं वायफाय बंद पडताच लॅपटॉपला ते ओळखीचं नाव सापडलं आणि तो आपोआप जोडला गेला. तिकडे त्याच्या फोनवर बायकोच्या लॅपटॉपचं नाव उमटलं.

"मागच्या दाराने पळ!" ती म्हणेपर्यंत पुढची काच खळकन फुटली.

त्याने पेचकसताईला केसांना धरून टेबलावर आपटलं. दात पडला, तोंड रक्ताने भरलं. "इथे नाही म्हणालीस ना? खोटारडे!" तिच्या हाताला सोल्डरिंगची कांडी लागली, अजून कढत होती. ती तिने त्याच्या मांडीत खुपसली. तो गुरासारखा ओरडला, पण त्याने तिचा गळा धरला तो काही सोडेना. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

एकदम पकड सुटली. धाकटी पळालीच नव्हती. न मोडलेल्या हाताने लॅपटॉप उचलून तिने त्याच्या कानशिलात हाणला होता. तो कोसळला तरी ती हाणतच राहिली. पडदा तुटून लोंबला, बटणं उडाली. शेजाऱ्यांनी तिला मागे ओढलं तेव्हा त्याचा श्वास जेमतेम चालू होता.

पोलिसांची वाट बघत दोघी भिंतीला टेकून बसल्या.

"ताई, त्याला कळलं कसं?"

"माझ्यामुळे. त्याचं वायफाय मी काढलंच नाही गं." जगाला झापणारी पेचकसताई ओक्साबोक्शी रडायला लागली.

धाकटीने जमिनीवरच्या नवऱ्याकडे पाहिलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "नाहीतर मी जन्मभर त्या खोलीतच बसून राहिले असते."