चारुताईचं ‘पुढचं दार’

चारुताईला गुप्तधनाचा नकाशा सापडला आहे, ही बातमी आमच्या गल्लीत कुसुमकाकूंनी आणली. कुसुमकाकू बातमी सांगताना आधी पदर तोंडाशी नेतात आणि मग तिसऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात. "कोणाला बोलू नको बरं. मी माझ्या डोळ्यांनी पाह्यला. क्यालेंडरच्या पाठीमागे काढेल होता. हे विहीर, हे भुयार, हे लोखंडी दार, अन् दारावर लाल फुली. आता फुली काय उगीच मारते का कोणी?"

बुऱ्हाणपुरात जमिनीखाली कोणीतरी काहीतरी ठेवलंच आहे, फक्त आपल्याला सांगायचं राहून गेलं, असं निम्म्या गावाला वाटतं. त्यामुळे महिन्याभरात देडतलाईहून दोन माणसं नारळ, लिंबं आणि एक कुदळ घेऊन चारुताईच्या दारात उभी. "ताई, आधा-आधा." चारुताईने त्यांना बसवलं, चहा दिला आणि सरळ चेहऱ्याने म्हणाली, "दार उघडायच्या आधी घुबडाला मासा द्यावा लागतो. मासा आणलाय का?" माणसं अर्धा चहा टाकून गेली. कुदळ विसरली. ती चारुताईने जिन्याखाली ठेवली. "लागेल," म्हणाली.

खरं असं की नकाशा होता, विहीर होती, घुबडसुद्धा होतं. पण त्यातलं काहीही या गावात नाही. चारुताई ‘पुढचं दार’ नावाची वेबसाइट चालवते. पूर्वी कॉम्प्युटरवर एका जातीचे साहसाचे खेळ असायचे. त्यांत बंदूक नाही, पळापळ नाही. एका खोलीत उभं राहायचं, दिसेल ती वस्तू उचलून पिशवीत टाकायची आणि कोणती वस्तू कुठे लावली की पुढचं दार उघडतं ते शोधायचं. ते खेळ येणं बंद झालं त्याला जमाना झाला. पण काही लोकांना ते संपलेले चालत नाहीत. ते त्यांच्या पुढच्या गोष्टी स्वतः लिहितात, आणि याला फॅन फिक्शन म्हणतात. मराठीत असं लिहिणारे चाळीसएक लोक आहेत. त्यांच्या दोनशे चौदा गोष्टी चारुताईच्या दारामागे राहतात.

तिला ही खोड एकोणिसाव्या वर्षी लागली. शनवाऱ्याजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथे ती शिकवायला होती. चार मशीनपैकी एकीवर कोणीतरी ‘सॉल्ट हार्बर’ नावाचा खेळ टाकून ठेवला होता. बेटावर दीपस्तंभ, तिथल्या रखवालदाराची मुलगी, हरवलेला बाप आणि विझलेला दिवा. शब्दकोश हातात घेऊन चारुताईने तो दोन वर्षांत सोडवला. शेवटी दिवा लागतो आणि पडदा काळा होतो. "दिवा लागला, मान्य," ती अजूनही हात झटकून सांगते, "पण मंग ती पोरगी जेवली का? बाप आला का? रॉकेल किती दिवस पुरलं? काही पत्ताच नाही. असं अधांतरी ठेवून कोणी जातं का?" म्हणून तिने बसून पुढची गोष्ट लिहिली. बसून हे आपलं म्हणायला. चारुताई बसत नाही.

ती खरोखरच बसत नाही. धूलकोटच्या शाळेत ती कॉम्प्युटर शिकवते. सकाळच्या बसमध्ये सीट रिकामी असली तरी दांडा धरून उभी. घरी कॉम्प्युटर गव्हाच्या कोठीवर ठेवलाय, म्हणजे उभ्यानेच टाइप करता येतं. दोन ओळी लिहिते, ओट्यापर्यंत जाते, झाकण उघडते, झाकण लावते, परत येते. मागच्या बोळात यंत्रमाग दिवसभर खटाक्-खट करत असतात, आणि ही त्यांच्याच तालावर घरभर फिरते. तिचे यजमान भूपेंद्रभाऊ माग दुरुस्त करतात. ते कधी घाईत नसतात. "चारू, तुला एक बटण बसवून देऊ का," ते म्हणतात, "बंद-चालूचं?"

साइटचा नियम एकच. गोष्टीत वस्तू उचलली, तर ती पुढे वापरली गेली पाहिजे. तुमच्या नायकाने पहिल्या भागात दोरी उचलली आणि शेवटपर्यंत ती पिशवीतच राहिली, तर गोष्ट परत. चारुताई प्रत्येक गोष्टीचा नकाशा काढते, वस्तूंची यादी करते, वापरली की टिक. टिक राहिली की लेखकाला फोन. "दादा, तुमचा आरसा कुठे आहे? दुसऱ्या भागापासून पिशवीत आहे, फुटेल ना." मोठमोठे लोक तिच्या या फोनला घाबरून आहेत.

एक सोडून. प्रभाकरकाका चांदनीचे, आयुष्य रेल्वेत गेलं, गाडीला झेंडी दाखवण्यात. त्यांची गोष्ट एकच, पण तिचे बासष्ट भाग. ‘सॉल्ट हार्बर’च्या बेटावर त्यांनी रेल्वे नेली आहे. चव्वेचाळिसाव्या भागात मुलगी गार्डची शिट्टी उचलते, आणि चारुताईला पुढे ती वाजताना काही दिसेना. तिने फोन लावला. काका अजूनही फलाटावर बोलल्यासारखे बोलतात. "बेटा, कृपया ध्यान द्या. गाडी यायच्या आधी शिट्टी वाजवत नसतात. वेळ झाली की वाजेल."

"कोणत्या भागात?"

"वेळ झाली की."

तिने चव्वेचाळीसपासून पुढचे एकोणीस भाग तपासायच्या रांगेत अडकवून ठेवले. सात महिने. वाचकांना रांग दिसत नाही. ती फक्त चारुताईला दिसते, पासवर्ड टाकून आत गेलं की. आणि त्या सात महिन्यांत काकांच्या डोळ्यांचं काम बिघडलं. आता त्यांना फोनवरची अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. ते भाग त्यांनी थेट साइटवर टाइप केले होते. कागद नाही, नक्कल नाही.

सप्टेंबरात साइटच्या आतल्या पानावर सूचना आली. ज्या फुकटच्या जागेवर साइट उभी होती, ती जागा तीस तारखेला बंद होणार, सामान हलवा. खाली बटण होतं: पुन्हा आत येऊन खात्री करा. चारुताईने दाबलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा साइटने तिला बाहेर काढलं आणि पासवर्ड विचारला.

तिला तो आठवेना. नवा पासवर्ड ज्या ईमेलवर यायचा, तो ईमेल कधीच मेलेला. कंपनीला सहा पत्रं घातली. उत्तर यंत्राचं, सहाही वेळा तेच. माझा मावसभाऊ निलेश इंदूरला आयटीत आहे, त्याला मी फोन केला.

"दीदी, सिंपल है. फर्गॉट पासवर्ड दबाओ."

"तो मेल बंद आहे रे."

"अच्छा. तो बॅकअप से उठा लो."

"बॅकअप आत आहे."

"अच्छा." मग कीबोर्डची खटखट. "दीदी, एक मीटिंग है, बाद में करता हूँ."

लोकांना दिसणाऱ्या गोष्टी मी आणि चारुताईने एकेक करून उतरवून घेतल्या. राहिले ते काकांचे एकोणीस भाग. ते रोज सकाळी फोन करायचे. "बेटा, माझी गाडी यार्डातच आहे ना?"

"हो काका, आहे." फोन ठेवला की ती ओट्यापर्यंत तीन फेऱ्या जास्त मारायची.

पासवर्डाबद्दल तिला एवढंच आठवत होतं की तो तिने आपल्या पहिल्या गोष्टीत लपवला होता. का, तर वह्या हरवतात, गोष्टी हरवत नाहीत. आता सांगा, असं दुसरं कोण करेल? सरळ माणूस पासवर्ड गॅसच्या पुस्तकात लिहितो. हिने त्याचं कोडं केलं, आणि सोळा वर्षांनी स्वतःच्याच कोड्याबाहेर उभी. गोष्ट तेरा वेळा वाचली. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर घेऊन पाहिलं, उलटी वाचून पाहिली. काही नाही.

अठ्ठावीस तारखेला रविवारी दुपारी ती म्हणाली, "मोना, आता तू वाच. मी ऐकते. माझे डोळे तिला फार ओळखू लागले."

मी वाचत गेले. मला सगळ्यांच्या नकला करायची खोड, म्हणून नावाड्याला मी भूपेंद्रभाऊंचा आवाज दिला, दुकानदारणीला कुसुमकाकूंचा. ("रॉकेल नाही बाई. कोणाला बोलू नको, पण मागच्या दाराने ये.") एरवी चारुताई हसून ओट्याला टेकते. त्या दिवशी ती नुसती फिरत राहिली, खिडकी उघड, खिडकी लाव. चारुताईला मदत करून लागलेल्या सवयीने मी यादी करत होते. उचललेल्या वस्तू बारा, टिका अकरा.

मी दोनदा मोजलं. मग इतका आनंद झाला की काय सांगू.

"ताई, एक गलती आहे."

"कुठे?"

"तुमच्या गोष्टीत. पोरगी पहिल्या पानावर धोटा उचलते. पिशवीत टाकते. पुढे धोटा नाहीच." धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणारी होडीच्या आकाराची लाकडी वस्तू, तिच्या पोटात सुताची कांडी असते. आमच्या गावात पोरं त्याच्या होड्या करून खेळतात. "अन् मला हे सांगा, समुद्रातल्या बेटावर माग कुठून आला?"

चारुताई थांबली. "वापरला असेल. बघ नीट."

"नाही वापरला. नियम तुम्ही नंतर काढला ना? ही गोष्ट आधीची. तेव्हा तुम्हीसुद्धा विसरत होत्या."

"नियम लिहिला नंतर. पाळते पहिल्यापासून."

"लावता शर्त?"

"लाव."

शर्त अशी ठरली. चूक निघाली, तर काकांचे भाग सापडल्यावर ते न तपासता, शिट्टीसकट, जसेच्या तसे लावायचे. चूक नाही निघाली, तर मी एक महिना कोणाचीही नक्कल करायची नाही. भूपेंद्रभाऊ दारात चपला काढत होते, ते म्हणाले, "महिना? पोरगी आजारी पडेल."

मग ते थांबून म्हणाले, "धोटा म्हणजे तो का? दारामागचा?"

दारामागे खिळ्याला एक जुना धोटा टांगलेला आहे. त्याला किल्ल्या, छत्री, भाजीची पिशवी असं काहीबाही लटकत असतं. मी लहानपणापासून बघते आहे. "तीन वेळा मी तो भंगारात टाकला," भूपेंद्रभाऊ म्हणाले, "अन् तीन वेळा ही घेऊन आली. का, तर लागेल."

"मला तरी कुठे माहीत होतं का लागेल," चारुताई म्हणाली, आणि तिने छत्री, पिशवी, किल्ल्या सगळं जमिनीवर पाडून धोटा काढला. आतल्या कांडीवर निळं सूत होतं. गुंडाळी मधे जराशी फुगलेली, जेवणानंतरच्या पोटासारखी. भूपेंद्रभाऊंनी अंगठा फिरवला. "ही मशीनवर भरलेली नाही. हातानं भरेल आहे."

चारुताई सूत ओढायला लागली. हातभर, दोन हात, दहा हात. ती ओढत ओट्यापर्यंत जायची, परत यायची, सूत खुर्चीला, कोठीला, माझ्या पायाला. भूपेंद्रभाऊ कांडी धरून शांत उभे. "हळू. तुटेल." ती हळू होत नव्हती. मी मनात धरून होते की शर्तीसाठी आत काहीही नसावं, आणि काकांसाठी असावंही. दोन्ही एकदम.

शेवटचे वेढे सुटले आणि पिवळी पडलेली कागदाची पट्टी खाली पडली. तिच्यावर चारुताईचं अक्षर, पण तरुण, गोल गोल.

पहिल्यांदा तिने इतक्या घाईत टाइप केलं की चुकलं. भूपेंद्रभाऊंनी खुर्ची सरकवून आणली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. चारुताईला बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. तिने एकेक अक्षर वाचून दाबलं. दार उघडलं. रांग होती. एकोणीसच्या एकोणीस.

ती मागे टेकली नाही, हसली नाही. आधी सगळं पेनड्राइव्हवर उतरवलं, दोनदा. मग आपल्या पहिल्या गोष्टीची यादी माझ्या हातातून घेतली आणि बाराव्या वस्तूपुढे टिक केली.

"वापरला," म्हणाली.

मग काकांना फोन लावला. "काका, गाडी निघाली यार्डातून. पण शिट्टी मी बघणार आहे. मोना भाग वाचेल, तुम्ही ऐका, अन् मी टिक करते."

"मोना म्हणजे माझ्या घोषणेची नक्कल करते ती?" काका खुश झाले. "तिला सांग, माझ्या आवाजात वाच. मला आता दिसत नाही तर निदान ऐकू तरी येऊ दे मी कसा लिहायचो."

मी चारुताईकडे पाहिलं. ती खुर्चीतून उठली होती, हातात कोरी यादी. तिने नुसतं बोट वर केलं: एक महिना.

मी चव्वेचाळिसावा भाग उघडला आणि घसा साफ करून वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला काकांनी थांबवलं.

"बेटा, हे कोण वाचू राहिलं?"

"मी, काका. मोनाली."

"अच्छा," ते म्हणाले. "हा आवाज पहिल्यांदा ऐकला. वाच."