बिजली, दादासाहेबांना सांग

देवासच्या सोयाबीन प्लांटमध्ये राजाबाई फणसे मालाची परख करतात. ट्रक आला की पोत्यात हात घालायचा, मूठभर दाणे तळव्यावर घ्यायचे, एखादा दाताखाली फोडायचा. ओला माल असला की ड्रायव्हरला तिथल्या तिथे सुनावतात, "भिया, ये पानी पिलाके लाए क्या?" यंत्र आहे, नाही असं नाही, पण यंत्राला झापता येत नाही. गेटवरचे हमालही राजाबाईंना बिचकून असतात.

हीच बाई घरी आली, स्कूटी लावली, की दारातच पदर डोक्यावर घेते. कारण वरच्या मजल्यावर थोरले दीर राहतात, खंडोजीराव, घरातले दादासाहेब. फणशांकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरांच्या तोंडाकडे बघत नाही, त्यांच्याशी थेट बोलत नाही, त्यांच्या हातातून काही घेत नाही, त्यांच्या हातात काही देत नाही. दरबार गेला, शिकारखाना गेला, त्या शिकारखान्याची कुत्री सांभाळण्याचं फणशांचं काम गेलं. हा रिवाज मात्र गोचिडासारखा चिकटून राहिला. तीस वर्षं एका घरात काढून दोघांनी एकमेकांशी एक शब्द बोललेला नाही. भांडणबिंडण काही नाही, उलट एकमेकांबद्दल चांगली माया आहे. पण बोलायचं नाही म्हणजे नाही.

मग घर चालायचं कसं? तर कुत्र्यांमार्फत. दादासाहेबांकडे कायम स्पॅनियल जातीची शिकारी कुत्री असायची, हल्ली बिजली नावाची लांब कानांची तपकिरी कुत्री आहे. सकाळी स्वयंपाकघरातून राजाबाई म्हणतात, "बिजली, दादासाहेबांना सांग, चहा झालाय." दादासाहेब पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "बिजली, सांग त्यांना, साखर कम." बिजली मधे बसून शेपूट हलवते. राजाबाईंचे यजमान रघुजी नुसते हसतात. मोलकरीण नीतू नवी होती तेव्हा तिला वाटलं, या घरात सगळ्यांचं डोकं फिरलंय.

या कुत्र्यांना खाऊ घालणं, त्यांची गोचिडं काढणं, बाळंतपणं करणं पिढ्यान्‌पिढ्या बायकांकडेच होतं. कुठलं कुत्रं कामाचं आणि कुठलं नाही, हे मात्र पुरुषांनी ओसरीवर बसून ठरवायचं. राजाबाईंना ही गोष्ट लग्न होऊन आल्यापासून सलत होती. म्हणून माळव्यातल्या हौशी लोकांच्या स्पॅनियल क्लबने कुत्र्यांच्या कामाच्या स्पर्धेसाठी, म्हणजे ट्रायलसाठी, नवे जज्ज तयार करायचे ठरवले, तेव्हा पहिलं नाव राजाबाईंनी दिलं.

आता शिकार कायद्यानं बंद आहे, तेव्हा या स्पर्धेत कुणी जीव मारत नाही. हवेत रिकामा बार काढतात आणि पोल्ट्रीतून आणलेली मेलेली लहान कोंबडी झुडपात भिरकावतात. बोलताना तिला 'पक्षी' म्हणायचं, तेवढीच इभ्रत. कुत्र्यानं झुडूप धुंडायचं, बार होताच जागच्या जागी बसायचं, आणि मालकानं सांगितलं की पक्षी अलगद तोंडात धरून आणून द्यायचा. अलगद हा शब्द महत्त्वाचा. मालकानं तो पक्षी थेट जज्जाच्या हातात द्यायचा, जज्जानं तळव्यावर घेऊन बोटांनी दोन्हीकडच्या फासळ्या चाचपायच्या. फासळ्या मोडलेल्या निघाल्या तर ते कुत्रं कडक तोंडाचं ठरतं आणि बाद होतं. नुसतं त्या दिवसापुरतं नाही. त्याची पिल्लंसुद्धा मग कुणी घेत नाही.

शिकाऊ जज्जानं मुरलेल्या जज्जांबरोबर मैदानावर उभं राहायचं आणि आपला निर्णय त्यांच्या आधी मोठ्यानं सांगायचा. त्यांचंही मत तेच पडलं तर जज्जपदासाठी शिफारस, नाही तर पुढल्या हिवाळ्यात पुन्हा. राजाबाईंच्या बाकी शिफारसी झाल्या होत्या. राहिली होती एकच, सरदारपूरच्या भूपेंद्रसिंहांची. हा माणूस कमी बोलतो आणि कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

गेल्या हिवाळ्यात गंधवानीच्या बाजूला त्यांच्यासमोर राजाबाई उभ्या राहिल्या आणि नेमकी दादासाहेबांची पाळी आली. खरं तर सोयऱ्याचं कुत्रं तपासू नये. पण राजाबाईंनी शंका काढली तेव्हा भूपेंद्रसिंह म्हणाले होते, "रिश्तेदारी देखने बैठे तो मालवे में किसका ट्रायल लेंगे, भाभीसाब?" तेही खरंच होतं.

बिजलीनं पक्षी आणला. दादासाहेब तो घेऊन आले, आणि घरची सवय आडवी आली. त्यांनी पक्षी दोघांच्या मधे जमिनीवर ठेवला आणि मान वळवून मागे सरकले. राजाबाईंचा हात आपसूक पदराकडे गेला. तेवढ्यात पक्षी गोळा करणाऱ्या गड्यानं तो उचलून टोपलीत टाकला. टोपलीत आधीचे पक्षी होतेच. राजाबाईंनी त्यातला वरचा उचलला, चाचपला आणि जाहीर केलं, "ठीक आहे."

"किसका ठीक है?" भूपेंद्रसिंहांनी विचारलं.

राजाबाईंनी टोपलीत पाहिलं, सगळे पक्षी सारखेच दिसत होते. ट्रकभर मालातून खडा वेचून काढणारी बाई दिराच्या हातातून एक कोंबडी घेऊ शकली नाही. शिफारस मिळाली नाही आणि वर्ष फुकट गेलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि राग दादासाहेबांचा आला नाही, स्वतःचा आला.

यंदा जानेवारीच्या सुरुवातीला कन्नौदच्या पुढच्या माळावर ट्रायल होती. निघायच्या दिवशी सकाळी राजाबाईंनी चहा ओतता ओतता आवाज जरा चढवला. "बिजली, दादासाहेबांना सांग, या खेपेला पक्षी खाली ठेवायचा नाही. हातात द्यायचा."

पेपर जरासा हलला. "बिजली, सांग, कळलं."

माळावर बिजली अशी काही धावली की बघणारे बोलायचे थांबले. काटेरी झुडपात सरळ घुसली. बार झाला तशी खिळल्यासारखी बसली. हुकूम मिळाल्यावर घळीपलीकडून पक्षी घेऊन थेट मालकाकडे आली. दादासाहेबांच्या चेहऱ्यावर काय होतं ते राजाबाईंनी पाहिलं नाही, पण त्यांची चाल बघूनच कळत होतं. त्यांना मूलबाळ नाही, बायको जाऊन वर्षं झाली. जे काही कौतुक ते या कुत्रीचं.

ते आले आणि त्यांनी हात पुढे केला. राजाबाईंनी पदर नाही सावरला. त्यांच्या हातातून पक्षी घेतला, तळव्यावर ठेवला आणि बोटं फिरवली. डावी बाजू टणक होती. उजवीकडे अंगठा सरळ आत गेला.

त्यांनी पुन्हा चाचपलं, मग डोळे मिटून पुन्हा एकदा. पिसं जागच्या जागी होती, वरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. आत मात्र फासळ्यांचा चुरा होता. अंगठ्याला लागलेला तो चुरा मनातून जाईना. 'ठीक आहे' हे दोन शब्द जिभेवर आले होते, आणि ते म्हणावेत असं त्यांना फार फार वाटलं.

"साहेब," त्या भूपेंद्रसिंहांना म्हणाल्या, "उजवी बाजू मोडलीय. माझ्या मते बाद."

भूपेंद्रसिंहांनी पक्षी घेतला, चाचपला, परत दिला. "मेरी भी यही राय है. अब हैंडलर को दिखाइए. कायदा है. और काम आपका है."

राजाबाई वळल्या. सवयीनं नजर खाली गेली, बिजलीकडे. "बिजली, दादासाहेबांना..." एवढं बोलून त्या थांबल्या. बिजली वर बघत होती, निरोप घ्यायला तयार, शेपूट हलवत. तिचीच शिक्षा तिच्याच हाती कशी धाडायची? त्यांनी मान वर केली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. कपाळावर जखमेचा जुना व्रण होता, तो आजवर त्यांना ठाऊकच नव्हता.

"दादासाहेब, हात पुढे करा," त्या म्हणाल्या. "उताणा."

त्यांनी केला. राजाबाईंनी पक्षी त्यांच्या तळव्यावर ठेवला. दादासाहेबांनी अंगठा फिरवला, थांबवला.

"मोडल्यात," ते म्हणाले. पक्षी त्यांनी राजाबाईंच्या हातात परत दिला, बिजलीला पट्टा लावला आणि जीपकडे चालू लागले.

शिफारस मिळाली. भूपेंद्रसिंहांनी "बधाई, जज्जसाब" म्हटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजाबाईंना पेढा गिळवेना.

घरी बोलणं बंद पडलं. म्हणजे आधी तरी कुठे होतं म्हणा, पण आता कुत्रीमार्फतही बंद. बिजलीकडून निरोप धाडायचा दोघांनाही धीर होईना. सगळं रघुजींवर आलं. चहा झाला, लाइट गेली, गॅस संपला, जा वर आणि ये खाली. चौथ्या दिवशी ते कावले. "मी काय डाकिया आहे का या घरचा?" बिजली जिन्याच्या मधल्या पायरीवर पडून राहायची. आपलं काम कुणी काढून घेतलं हे तिला कळत नसावं.

संक्रांत आली. दरवर्षी राजाबाई बशीत तिळगुळाचे लाडू घालून स्टुलावर ठेवतात आणि म्हणतात, "बिजली, सांग, तिळगूळ घ्या." पुढचं 'गोड बोला' आजवर कधी म्हटलं नाही, बोलायचंच नाही तर गोड काय आणि कडू काय! यंदा त्यांनी बशी ठेवली आणि मुकाट्यानं मागे झाल्या.

दादासाहेब खाली आले. मागोमाग बिजली. त्यांनी स्टुलाकडे पाहिलंही नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि हात पुढे केला, उताणा.

"हातात द्या," ते म्हणाले.

राजाबाईंनी बशीतला एक लाडू उचलून त्यांच्या तळव्यावर ठेवला. दादासाहेबांनी लाडू अंगठ्यानं एका बाजूनं चाचपला, मग दुसऱ्या बाजूनं.

"शाबूत आहे," ते म्हणाले. अर्धा तोंडात टाकला, अर्धा बिजलीला दिला. तिनं तो किती अलगद घेतला! दोघांनीही ते पाहिलं, आणि दोघांचेही डोळे भरले.

"पुढचं म्हणायचं राहिलंय तुमचं," दादासाहेब म्हणाले.

"गोड बोला," राजाबाई म्हणाल्या, त्यांच्याकडे बघत.

"बोलू की. चहात साखर जरा जास्त टाका आज."

बिजली एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. तिला कुणीच काही सांगत नव्हतं.