बिनरेघेचं कापड

मर्डिना मॅकफेल टाचण्या ओठांत धरायची आणि त्या तशाच धरून बोलायची. शिवताना घालायचं अंगुस्तान बोटातून काढायची नाही. दूध आणायला गेली तरी ते बोटात असायचं, आणि दुकानदाराने उशीर केला की काचेवर टकटक व्हायची. शिवणाच्या टेबलावर चहा ठेवायची नाही. तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची आणि तिथेच विसरायची. चुण्या गेलिक या जुन्या स्कॉटिश भाषेत मोजायची, बाकीचं सगळं आयुष्य इंग्रजीत. चर्चमध्ये भेटलेल्या पुरुषांचे चेहरे तिच्या लक्षात राहत नसत, त्यांच्या किल्टची, त्या गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार पुरुषी वस्त्राची, मागची बाजू राहायची. रस्त्यात कुणाची चुणी मुडपलेली दिसली तर चालता चालता हात घालून सरळ करायची. मग तो ओळखीचा असो की नसो. दोरा कात्रीने कापायची. फक्त रॅनल्ड स्ट्रॅकनचं नाव निघालं की दातांनी तोडायची.

स्कॉटलंडमधल्या किलिनसारख्या लहान गावात ते नाव रोज निघायचं.

रॅनल्डचं किल्टचं दुकान होतं. मर्डिना तिथे एकोणीस वर्षं शिवत होती. कापड मालक कापायचा, दोन पट्ट्या जोडून लांबी पुरी करायचा आणि तिच्या हातात द्यायचा. जोड चुण्यांच्या आत लपतो. पण टार्टन म्हणजे ज्याच्या त्याच्या घराण्याचं चौकडीचं कापड, त्याच्या चौकड्या दोन्ही पट्ट्यांवर एका पातळीत याव्या लागतात. एकदा त्या आल्या नाहीत. जोडानंतर पिवळी रेघ बोटभर खाली घसरली होती.

"मालक, जोड चुकलाय."

"तू शीव," तो म्हणाला.

तिने किल्ट तसाच शिवला. एका शनिवारी गिऱ्हाइकाने तो किल्ट परत आणला. दुकान भरलेलं होतं. रॅनल्डने किल्ट दाराच्या उजेडात धरला, घसरलेली रेघ सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "बघा हा हात. आंधळ्यानेसुद्धा याहून सरळ शिवलं असतं." मग मर्डिनाला घरी पाठवलं. कायमचं.

तेव्हापासून गावात ती वाकडी मर्डिना झाली. वाकडी मर्डिना म्हणायचे आणि किल्ट तिच्याकडेच टाकायचे, कारण तिच्याइतकं सरळ शिवणारं दुसरं कुणी नव्हतं. यात विचित्र काही कुणालाच वाटलं नाही. एकतीस वर्षं ती घरी बसून शिवत राहिली.

ऑक्टोबरातल्या एका ओल्या दुपारी रॅनल्ड तिच्या दारात आला. दुकान विकून त्याला बारा वर्षं झाली होती. बायको मागच्या वर्षी गेली होती. चौकटीला हात लावून तो उभा राहिला.

"मर्डिना, आहेस का?"

"दार उघडलंय म्हणजे असणारच. ये रॅनल्ड. पाय पूस."

मालक नाही, तुम्ही नाही. त्याने निमूट पाय पुसले.

त्याला रोज घालायला किल्ट हवा होता. जन्मात त्याने दुसरं काही घातलं नव्हतं, आणि अंगावरचा आता झिरझिरीत झाला होता.

"टार्टन की साधं?" तिने विचारलं.

"तूच सांग."

तिच्या हातातली टेप थांबली. गावातल्या प्रत्येकाला काय घालायचं ते सांगत आलेला हा माणूस.

"रोज टार्टन घालून हिंडलास तर बिस्किटाच्या डब्यावरचा बाबा दिसशील," ती म्हणाली. "प्रवासी थांबवून फोटो काढतील."

"आणि साधं घातलं तर म्हणतील, स्ट्रॅकनला आता घराणं राहिलं नाही."

"तुझं घराणं सगळ्यांना पाठ आहे. टार्टन लग्नाला आणि मयताला. रोज कोळसा ओढायचा, कुत्रं फिरवायचं, त्याला साधंच बरं. शेवाळी घे. चिखल दिसत नाही."

"घेतला," तो लगेच म्हणाला. कापडाकडे पाहिलंही नाही. खिडकीकडे तोंड करून बसला होता. माज अजून तसाच आहे, असं मर्डिनाला वाटलं.

तो गेल्यावर शेजारची क्रिस्टी आली. क्रिस्टीने तीस वर्षं गावात टपाल वाटलं होतं. कोण कुणाच्या दारात गेलं हे तिला पावलांवरून कळायचं.

"तू त्याचा किल्ट शिवणार? तू?"

"शिवणार. आणि बारावी चुणी वाकडी शिवणार."

"मग तो गावभर दाखवत फिरेल."

"टार्टन असता तर फिरला असता. रेघेवर बोट ठेवता येतं. साध्या कापडाला रेघच नाही." मर्डिनाने ओठातली एक टाचणी काढली. "दोन दोरे रुंद, खाली किंचित तिरकी. चालताना किल्ट डावीकडे ओढेल. त्याचा डोळा गिधाडाचा आहे, क्रिस्टी. रोज आरशापुढे उभा राहील, रोज कळेल की काहीतरी चुकलंय, आणि कुठे ते सापडणार नाही. मरेपर्यंत. कुणाला दाखवेल? काय दाखवेल?"

क्रिस्टी तिच्याकडे बघत राहिली. "तू फार दुष्ट बाई आहेस."

"वेळ लागला मला. चहा घेणार?"

सव्वीस चुण्यांचा किल्ट. साध्या कापडात चौकडी मदतीला नसते. प्रत्येक चुणी खडूने आखून घ्यावी लागते. पंचवीस चुण्या तिने आखल्याप्रमाणे शिवल्या. बारावी मात्र जड गेली. हात आपोआप दुरुस्त करत होता. तिने ती चार वेळा उसवली, तेव्हा कुठे हवी तितकी वाकडी बसली. नोव्हेंबरात तिने रॅनल्डला निरोप धाडला, घालून बघायला ये.

तो आला. तिने किल्ट त्याच्या कमरेला गुंडाळून पट्टे आवळले. आरसा समोर होता. त्याने आरशाकडे पाहिलं नाही. हात मागे नेले आणि बोटं एकेका चुणीवरून फिरवू लागला, सावकाश, वरून खाली.

"आरसा पुढे आहे," ती म्हणाली.

"असेल. मला मधलं काही दिसत नाही, मर्डिना. दोन वर्षं झाली. कडेचं तेवढं दिसतं. तू आत्ता म्हणजे एक कान आणि थोडी बाही आहेस." बोटं फिरत राहिली. "टार्टनचा मध्य बरोबर पोटावर आलाय की कुशीवर गेलाय, हे मला सकाळी कोण सांगणार? म्हणून साधं हवं होतं. मागायला लाज वाटत होती. तूच बोललीस, बरं झालं."

एकतीस वर्षं जपलेला सूड आरशासमोर उभा होता आणि बघणारे डोळेच नव्हते.

बोटं थांबली. थोडी मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"ही बारावी," रॅनल्ड म्हणाला. "दोन दोरे जास्त. आणि खाली तिरकी."

"हो."

"चुकून नाही."

"नाही."

बाहेर कुणाची तरी गाडी चिखल उडवत गेली.

"जोड मी चुकवला होता," तो म्हणाला. "त्या पिवळ्या रेघेचा."

"मला माहीत आहे. शिवायच्या आधी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. त्या दिवशी दुकान भरलं होतं. मी काय बोललो असतो?" त्याने त्या चुणीवर हात ठेवला. "राहू दे ही अशीच. मी घालीन. रोज. मला ते चालेल."

"तुला चालेल?"

"काहीतरी फिटेल त्याने."

मर्डिनाने पुढे होऊन पट्टे सोडले. "काढ तो. इकडे दे. शनिवारी ये."

"मर्डिना, मी म्हणतोय ना..."

"तू म्हणतोस म्हणूनच. काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिस्टी आली तेव्हा टेबलावर उसवलेल्या दोऱ्यांचा ढीग होता. शेवटच्या चुणीपासून मागे येत येत मर्डिना बारावीपर्यंत पोचली होती. मधली वाकडी निघायची तर पुढच्या सगळ्या उसवाव्या लागतात.

"माफ केलंस त्याला?"

"डोकं फिरलंय का तुझं?" तिने नवा दोरा ओवला. "वाकडा किल्ट घालून मिरवणार तो. म्हणजे केलं ते फेडलं, मोकळा झाला. मी त्याला मोकळा करू? सरळ शिवते. असा सरळ, की देवाने मोजला तरी फरक निघणार नाही. रोज सकाळी पट्टे आवळेल, बोटं फिरवेल, आणि बोटांना कळेल या बाईचा हात कसा होता. डोळे नाहीत म्हणून काय झालं. बोटं आहेत ना."

"हे आधीच्यापेक्षा वाईट आहे."

"हो," मर्डिना म्हणाली, आणि दोरा दातांनी तोडला.

गुरुवारी दुपारी क्रिस्टीला ती खुर्चीत सापडली. मान थोडी उजवीकडे कललेली. अंगुस्तान बोटात. खिडकीच्या कट्ट्यावर चहा थंड झालेला, पण तो नेहमीच थंड झालेला असायचा, म्हणून क्रिस्टीने आधी दोन वाक्यं बोलून टाकली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

शनिवारी मयताला आलेल्या माणसांनी घर भरलं. शॉर्टब्रेडची बिस्किटं होती, व्हिस्की होती. रॅनल्ड भिंत चाचपत आला. शनिवारी ये असं त्याला सांगितलेलं होतं. क्रिस्टीने त्याचा हात धरून टेबलापाशी नेलं. त्याची बोटं चुण्यांवरून गेली. दहा, अकरा, बारा.

"सरळ आहे," तो पुटपुटला.

"मोठ्याने बोल," क्रिस्टी म्हणाली. "त्या दिवशी मोठ्याने बोलला होतास."

खोलीतलं बोलणं थांबलं. त्याने ओठ ओले केले.

"तिचा हात सरळ होता. जोड मी चुकवला होता."

ज्यांनी तिला वाकडी म्हटलं होतं ते आपापल्या ग्लासात बघत होते. आणि जिला ऐकायचं होतं ती शेजारच्या खोलीत, हात पोटावर घेऊन.

"पुढचं कोण करेल?" रॅनल्डने विचारलं.

"कुणी नाही," क्रिस्टी म्हणाली.

किल्ट अजून त्याच टेबलावर आहे. सतरा चुण्या पक्क्या. अठरावीत सुई अर्ध्यावर अडकलेली. पुढच्या आठ पांढऱ्या कच्च्या दोऱ्यावर. सुईतला दोरा तोडलेला नाही.