शेजारची सीट

नव्या, गुळगुळीत रस्त्यावरही आईनं दारावरचं हँडल सोडलं नाही, हे आज प्रथमच माझ्या लक्षात आलं.

शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी वळणात झुकू नये म्हणून मी कडक स्प्रिंगा मागितल्या होत्या; रस्त्यावर मात्र त्या प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट आत पोचवतात. आमचे मिस्त्री गाडीत नेहमी बसणाऱ्यांना बसवून, गाडी किती दबते ते बघून मगच स्प्रिंग ठरवतात. "शेजारी कोण असतं?" त्यांनी विचारलं. "कुणी नाही," म्हणत मी एकटाच बसलो.

ट्रॅकवर जातो महिन्यातून एकदा. आईला डायलिसिसला नेतो आठवड्यातून दोनदा. हौसेचं माप आपण किती काटेकोर घेतो! आणि सोसणारं माणूस बोलत नाही, म्हणून त्याला मोजतच नाही.

दवाखान्यापाशी गाडी थांबवली. "आलं का रे?" आईनं विचारलं. मी हो म्हणालो, तरी हँडलवरची तिची बोटं सुटायला वेळ लागला.